कोकणात उतरणाऱ्या मेंढ्यांमधला ‘संथ’ खोकला: मेडी-व्हिस्ना हा आजार किती सर्रास आहे?

भातकापणी उरकली, दिवाळी मागे पडली की खोपोलीच्या बाजूने घाट उतरणारे मेंढ्यांचे वाडे दिसू लागतात. पुढे मेंढ्या, मागे बिऱ्हाड लादलेली घोडी, सोबत कुत्री. पुणे, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातले धनगर चाऱ्यासाठी कोकणात येतात आणि कर्जत, खालापूर, पनवेल, पेण भागातल्या मोकळ्या झालेल्या भातखाचरांत मुक्काम करतात. रात्री वाघर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण करून, मेंढ्या शेतात बसवल्या जातात. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला त्याबदल्यात भात किंवा पैसे.

ही वाट नवी नाही. बोरघाटाचा मार्ग इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवला, अशी आख्यायिका आहे. खोपोलीहून वर जाताना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं मंदिर लागतं आणि आजही अनेक गाड्या तिथे थांबून पुढे जातात.

अशा एखाद्या वाड्याच्या मागे चालणाऱ्या मेंढीकडे नीट पाहिलं, तर कधी कधी एक गोष्ट लक्षात येते. चार-पाच वर्षांची मेंढी. खाते-पिते, ताप नाही, पण अंगाला काही लागत नाही. घाट चढताना ती मागे पडते, नाकपुड्या फुगवून श्वास घेते, अधूनमधून कोरडं खोकते. औषध दिलं तरी फरक पडत नाही. शेवटी ती स्वस्तात विकली जाते आणि विषय तिथेच संपतो.

अशा खोकल्यामागे अनेक कारणं असू शकतात. त्यातलंच एक आहे मेंढ्यांचा दीर्घकालीन विषाणूजन्य फुफ्फुसरोग, म्हणजे ‘मेडी-व्हिस्ना’. हा आजार किती सर्रास आढळतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उत्तर कुठल्या देशात, कुठल्या वयाच्या मेंढ्यांमध्ये आणि कोणत्या पद्धतीने शोधलं, यावर ते अवलंबून आहे.

आधी कर्जत कोणतं, ते स्पष्ट करूया

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगडमधलं, मुंबईच्या लोकलचं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं. दुसरं कर्जत कमी पावसाचं आणि मेंढ्यांच्या मुलखातलं. रायगडच्या कर्जतमध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एवढी ओल मेंढीला मानवत नाही. खुरं कुजतात, लोकर भिजलेली राहते, जंत वाढतात. त्यामुळे कर्जत-खालापुरात बाराही महिने राहणाऱ्या मेंढ्या फारशा नाहीत. इथल्या डोंगरात राहणारे धनगर प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्या पाळतात. मेंढ्या येतात त्या पाहुण्या म्हणून, आणि पावसाची चाहूल लागण्याआधी परत घाटमाथ्यावर जातात.

आजाराची मोजदाद करताना हा तपशील फार महत्त्वाचा ठरतो. त्याकडे पुढे येऊच.

मेडी आणि व्हिस्ना म्हणजे काय?

दोन्ही शब्द आइसलँडच्या भाषेतले. ‘मेडी’ म्हणजे धाप लागणं, ‘व्हिस्ना’ म्हणजे झिजत जाणं. सुरुवातीला हे दोन वेगळे आजार आहेत असं समजलं जायचं. एकात फुफ्फुसं निकामी होतात, दुसऱ्यात मेंदू आणि मज्जारज्जू. मेंढीचे मागचे पाय लटपटतात आणि ती हळूहळू खंगते. नंतर कळलं की दोन्हींच्या मुळाशी एकच विषाणू आहे.

हा विषाणू ‘लेंटिव्हायरस’ गटातला. लॅटिन भाषेत ‘लेंटस’ म्हणजे संथ. माणसांमध्ये एड्सला कारणीभूत ठरणारा एचआयव्ही याच गटातला आहे, म्हणजे दोघं एकमेकांचे लांबचे नातेवाईक. मात्र मेडी-व्हिस्नाचा विषाणू माणसाला बाधत नाही. मेंढीच्या दुधातून, मांसातून किंवा तिच्याजवळ राहिल्याने हा आजार माणसाला होत नाही.

विषाणू मेंढीच्या रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, पण त्यांनी तो नाहीसा होत नाही. वर्षानुवर्षं चाललेल्या या झटापटीत फुफ्फुसांची जाळी जाड होत जाते. निरोगी मेंढीचं फुफ्फुस छाती उघडल्यावर फुग्यासारखं बसतं. या आजारात ते बसत नाही. ते करडं, रबरासारखं घट्ट आणि नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट वजनाचं झालेलं असतं. काही मेंढ्यांची कास कडक होते आणि दूध आटतं. कोकराचं पोट भरत नाही आणि दोष मेंढीच्या खाण्याला दिला जातो. काहींचे गुडघे सुजतात.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा दोन वर्षांहून जास्त काळ जातो. त्यामुळे तीन-चार वर्षांखालच्या मेंढीत हा आजार उघडपणे क्वचितच दिसतो. लागण झालेल्या मेंढ्यांपैकी मोठा हिस्सा तर कधीच आजारी दिसत नाही. त्या विषाणू बाळगतात, पसरवतात आणि त्यांना वरून पाहून काहीही ओळखू येत नाही.

वीस मेंढ्या आणि एक देश

या आजाराचं नाव आइसलँडमधून का आलं, त्याची गोष्ट प्रत्येक मेंढपाळाने ऐकावी अशी आहे.

१९३३ मध्ये आइसलँडने जर्मनीतल्या हाले इथून काराकुल जातीच्या २० मेंढ्या आणल्या. स्थानिक मेंढ्यांची जात सुधारायची, हा हेतू. मेंढ्यांजवळ आरोग्याची प्रमाणपत्रं होती. शिवाय त्यांना दोन महिने एका बेटावर वेगळं ठेवण्यात आलं. काहीही आढळलं नाही. मग त्या वेगवेगळ्या शेतांवर वाटल्या गेल्या.

काही वर्षांतच देशात फुफ्फुसांचे दोन आजार आणि आतड्याचा एक आजार पसरला. मेडी ओळखू येईपर्यंत १९३९ उजाडलं. म्हणजे मेंढ्या उतरल्यापासून सहा वर्षं. तोवर विषाणू शेकडो कळपांत पोचला होता. एक लाखाहून अधिक मेंढ्या मेडीने दगावल्या. शेवटी सरकारने देशाचे कुंपणांनी भाग पाडले, बाधित भागांतल्या सरसकट सगळ्या मेंढ्या मारल्या आणि ज्या भागात आजार पोचला नव्हता तिथली कोकरं आणून नव्याने सुरुवात केली. मारलेल्या मेंढ्यांची संख्या साडेसहा लाखांच्या घरात जाते. १९६५ पर्यंत आइसलँड मेडीमुक्त झालं. लागण झालेला देश पूर्णपणे मुक्त झाल्याचं हे जगातलं ठळक उदाहरण आहे.

याच अनुभवातून आइसलँडचे शास्त्रज्ञ ब्यॉर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये ‘संथ संसर्ग’ ही कल्पना मांडली. साथ म्हणजे झटपट येणारी आणि झटपट जाणारी, असाच तोवरचा समज होता. एचआयव्ही माहीत होण्याच्या जवळपास तीन दशकं आधी हे मेंढ्यांच्या अभ्यासातून पुढे आलं, हे विशेष.

या गोष्टीतला दोन महिन्यांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवी मेंढी विकत आणली की तिला तीन आठवडे वेगळं बांधा, असा सल्ला आपल्याकडे दिला जातो. पीपीआर किंवा देवीसारख्या आजारांसाठी तो योग्यच आहे. वर्षानुवर्षं लपणाऱ्या या विषाणूसाठी मात्र तीन आठवडे काय आणि दोन महिने काय, सारखेच.

तर मग जगात प्रमाण किती?

आइसलँड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या मेंढ्या मेडी-व्हिस्नापासून मुक्त मानल्या जातात. दुसऱ्या टोकाला स्पेनचे काही भाग आहेत. तिथे तपासलेल्या मेंढ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मेंढ्यांमध्ये प्रतिपिंडं आढळल्याचे अभ्यास आहेत. अमेरिकेत २००१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत तपासलेल्या मेंढ्यांपैकी सुमारे २४ टक्के मेंढ्या बाधित निघाल्या, पण कळप मोजले तर निदान एक बाधित मेंढी असलेले कळप सुमारे ३६ टक्के होते. ब्रिटनमध्ये प्रमाण बरंच कमी आहे, पण १९९५ ते २०१० या काळात बाधित कळपांचा वाटा सुमारे दुपटीने वाढून तीन टक्क्यांच्या जवळ गेला.

अमेरिकेतले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एक मेंढ्यांचा, एक कळपांचा. ‘आजार किती आहे’ याची ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि बातम्यांमध्ये ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. कळपांचं प्रमाण सांगतं की आजार किती ठिकाणी पोचला. मेंढ्यांचं प्रमाण सांगतं की पोचल्यावर तो किती पसरला.

पोचल्यावर पसरण्याचं मुख्य कारण म्हणजे गर्दी. विषाणू दोन वाटांनी जातो. पहिली वाट चिकाची आणि दुधाची, आईकडून कोकराला. दुसरी वाट श्वासाची, नाकातून उडणाऱ्या थेंबांची. थंड देशांत हिवाळाभर मेंढ्या बंद गोठ्यात दाटीने ठेवल्या जातात, तिथे दुसरी वाट मोकळी होते. आइसलँडमध्ये नेमकं हेच झालं.

आपल्या वाड्यांची राहणी वेगळी आहे. दिवसभर चरणं, रात्री वाघरीच्या आत दाटी, पण आभाळाखाली. त्यामुळे श्वासातून होणारा प्रसार गोठ्याच्या तुलनेत संथ राहील, असा अंदाज बांधता येतो. चिकाची वाट मात्र राहणीने बंद होत नाही. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला किंवा शेळीला लावण्याची पद्धत तर ही वाट रुंदच करते. शेळ्यांमध्ये याच कुटुंबातला, सांधे आणि मेंदूवर परिणाम करणारा विषाणू असतो आणि तो मेंढ्यांमध्येही जाऊ शकतो. बहुतेक वाड्यांमध्ये मेंढ्यांबरोबर चार-दोन शेळ्या असतातच.

भारतात हा आजार आहे का?

आहे. भारतातल्या मेंढ्या-शेळ्यांमध्ये या गटातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत. शिवाय याच्याशी नेहमी गल्लत होणारा दुसरा संथ फुफ्फुसरोगही भारतात आहे. त्याचं नाव ‘यागसिक्टे’. हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द, अर्थ ‘पाठलागाचा आजार’. मेंढीला कोणी पळवून दमवलं असावं अशी ती धापा टाकते, म्हणून हे नाव. हा विषाणूमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आहे. राजस्थानातल्या अविकानगर इथल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रक्षेत्रावरच्या मेंढ्यांच्या फुफ्फुसांची तपासणी करून हा आजार असल्याचं दाखवलं.

यागसिक्टेची सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण तुम्हाला माहीत आहे. क्लोन करून जन्माला घातलेली ‘डॉली’. १९९६ मध्ये जन्मलेल्या डॉलीला १४ फेब्रुवारी २००३ रोजी दयामरण द्यावं लागलं, ते याच फुफ्फुसाच्या कर्करोगामुळे. क्लोन असल्याने ती लवकर म्हातारी झाली, अशी चर्चा तेव्हा जगभर झाली. प्रत्यक्षात तिच्यासोबत ठेवलेल्या इतर मेंढ्यांनाही हाच आजार झाला होता.

यागसिक्टेचं प्रमाण मोजणं तर मेडीहून अवघड. या विषाणूसारखे जनुकीय तुकडे मेंढीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये मुळातच असतात. त्यामुळे तिच्या शरीराला हा विषाणू परका वाटत नाही आणि प्रतिपिंडं तयार होत नाहीत. परिणामी रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत तो सापडत नाही. कत्तलखान्यात फुफ्फुसं पाहणं हाच खात्रीचा मार्ग उरतो. स्कॉटलंडमध्ये अशा पद्धतीने प्रौढ मेंढ्यांची फुफ्फुसं तपासली, तेव्हा सुमारे एक टक्का मेंढ्यांमध्ये हा आजार निघाला.

वाड्यात मोजायला गेलं तर?

समजा, कर्जतजवळच्या एका शेतात २०० मेंढ्यांचा वाडा बसला आहे आणि त्यातल्या चार मेंढ्यांना मेडीची लागण आहे. म्हणजे प्रमाण दोन टक्के. पशुवैद्यकाने दहा मेंढ्यांचं रक्त घेतलं. त्या चारपैकी एक तरी या दहांत सापडण्याची शक्यता किती? जेमतेम १९ टक्के. म्हणजे पाचपैकी चार वेळा अहवाल ‘आजार नाही’ असाच येईल आणि तो चुकीचा असेल.

निदान एक तरी बाधित मेंढी ९५ टक्के खात्रीने सापडावी असं वाटत असेल, तर या वाड्यातल्या १०५ मेंढ्यांचं रक्त घ्यावं लागेल. प्रमाण पाच टक्के असेल तर ५१ मेंढ्या पुरतात. आजार जितका कमी, तितक्या जास्त मेंढ्या तपासाव्या लागतात. ऐकायला उलटं वाटतं, पण गणित असंच आहे. चालत्या वाड्यातल्या शंभर मेंढ्या धरून रक्त घ्यायचं म्हणजे एक दिवसाचं चरणं बुडतं, आणि तो दिवस भरून देणारं कोणी नसतं.

चाचणीचीही मर्यादा आहे. आजार फारच कमी असेल तेव्हा अगदी चांगली चाचणीही काही निरोगी मेंढ्यांना बाधित ठरवते. हजारात दहा मेंढ्या खरोखर बाधित असतील आणि चाचणी शंभर निरोगी मेंढ्यांमागे दोघींना चुकून बाधित म्हणत असेल, तर ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या तीसएक मेंढ्यांपैकी वीस निरोगीच असतील. त्यामुळे एका अहवालावरून मेंढ्या मारू नयेत, दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी, असं तज्ज्ञ सांगतात.

तिसरी अडचण वयाची. नर कोकरं काही महिन्यांची झाली की विकली जातात. कत्तलखान्यात येणारी बहुतांश जनावरं अशी कोवळी असतात आणि त्यांच्या फुफ्फुसांत मेडी दिसणारच नाही. आजार असतो तो पाच-सहा वर्षं सांभाळलेल्या माद्यांमध्ये. आणि त्या खंगू लागल्या की खोकला ठळक होण्याआधीच विकल्या जातात. मेंढपाळाच्या दृष्टीने हा शहाणपणाचाच व्यवहार आहे. नोंदींच्या दृष्टीने मात्र रुग्ण गायब झालेला असतो.

आता सुरुवातीचा मुद्दा. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या आणि महाराष्ट्रात साधारण २७ लाख. पण हिवाळ्यात कर्जत-खालापुरात असलेली मेंढी कोणत्या तालुक्याची समजायची? औषध मागायला मेंढपाळ जाईल तो दवाखाना रायगडमधला. लसीकरणाची नोंद गावाकडची. मेंढी मेली तर ती दोन्हींच्या मधल्या एखाद्या रस्त्यावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत फिरस्त्या पशुपालकांच्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घेण्याचं ठरलं. आजाराची टक्केवारी काढायला खाली छेद म्हणून जो आकडा लागतो, तो यातून हाती येऊ शकतो. वरचा आकडा, म्हणजे बाधित मेंढ्या, त्यासाठी रक्ताचे नमुने आणि उघडून पाहिलेली फुफ्फुसंच लागणार.

प्रत्येक खोकला मेडी नसतो

कर्जत-खालापुरात मुक्कामाला असलेली मेंढी खोकत असेल, तर मेडीच्या आधी बऱ्याच सोप्या आणि उपचार होऊ शकणाऱ्या कारणांचा विचार करावा लागतो. शक्यता त्यांचीच जास्त असते.

अचानक ताप, नाकातून घट्ट शेंबूड आणि एकाच वेळी अनेक मेंढ्या आजारी, तर तो जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया किंवा पीपीआर असू शकतो. पीपीआरमध्ये तोंडात फोड आणि जुलाबही असतात. यावर लस आहे आणि एका मात्रेने साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. फुफ्फुसात राहणारे जंतही खोकला आणतात, ते जंतनाशकाने जातात.

मेंढी खंगते आहे पण खोकला फारसा नाही, जबड्याखाली पाण्याची सूज आहे, डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडली आहे, तर संशय यकृतातल्या चपट्या कृमींवर जायला हवा. हा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण या कृमींचं अर्धं आयुष्य पाणथळ जागेतल्या गोगलगायींमध्ये जातं आणि कर्जत हा भाताचा तालुका आहे. टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालवा वाहतो आणि त्याच्या जोरावर उन्हाळ्यातही भात होतो. कोरड्या मुलखातून आलेल्या मेंढीला ओल्या बांधावरचं हिरवं गवत दिसलं की ती तिथेच तोंड घालते. कृमी गवताला चिकटून तिच्या पोटात जातात. परतीच्या वाटेवर खंगलेल्या मेंढ्यांचं एक मोठं कारण हे असू शकतं, आणि यावर साधं औषध आहे.

मेडीची खूण यांच्यापेक्षा वेगळी. वय जास्त, ताप नाही, भूक शाबूत, महिनोन्‌महिने वाढत जाणारी धाप आणि प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नाही. यागसिक्टेमध्ये यात आणखी एक भर पडते. मेंढीचं डोकं खाली झालं की नाकातून पातळ, फेसाळ पाणी गळतं. मागचे पाय उचलून हे पाणी काढून पाहण्याची जुनी पद्धत अनेक देशांत होती. तिने आधीच धापणाऱ्या मेंढीचा जीव गुदमरतो, त्यामुळे ती न केलेलीच बरी.

मग करायचं काय?

मेडी-व्हिस्नावर लस नाही आणि औषधही नाही. युरोपात यावरचा उपाय असा: सगळ्या मेंढ्यांची ठरावीक काळाने रक्ततपासणी, बाधित मेंढ्या कळपातून काढणं, आणि कोकरू जन्मताच आईपासून तोडून त्याला ५६ अंश सेल्सिअसला तासभर तापवलेला चीक पाजणं. घाट उतरताना वाटेत मेंढी व्याली तर कोकरू खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला हा उपाय सांगणं म्हणजे चेष्टाच.

वाड्यात जमण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पहिली, खंगलेली आणि धापणारी मेंढी दुसऱ्या वाड्याला स्वस्तात न देणं. ती विकायची तर मांसासाठीच. वाड्यांमध्ये आजार नेणारी सगळ्यात सोपी वाट हीच असते. दुसरी, अशा मेंढीचं मादी कोकरू वाड्यात वाढवायला न ठेवणं, कारण चिकातून विषाणू तिच्यात आलेला असू शकतो. तिसरी, नवीन मेंढ्या एकाच, ओळखीच्या वाड्यातून घेणं आणि घेताना तिथल्या म्हाताऱ्या मेंढ्या नजरेखालून घालणं. कोवळ्या पाठीकडे पाहून या आजाराबद्दल काहीच कळत नाही. पाच-सहा वर्षांच्या मेंढ्या धडधाकट असतील, तर तो वाडा सुरक्षित असण्याची शक्यता जास्त.

हे शेवटचं सरकारी योजनांनाही लागू होतं. राज्याच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० माद्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. गट बाजारातून वेगवेगळ्या ठिकाणच्या मेंढ्या जमवून तयार झाला, तर वीस ठिकाणांचे आजार एका वाड्यात एकत्र येण्याची शक्यता तयार होते. आइसलँडला आलेल्या मेंढ्याही वीसच होत्या.

आणि चौथी गोष्ट, जी प्रमाणाच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे: अशी मेंढी मेली किंवा कापली, तर तिची फुफ्फुसं टाकून देण्याआधी पाहणं. ती बसली का, की फुगलेलीच राहिली? हाताला स्पंजासारखी लागतात की रबरासारखी? वजन किती? बरोबरच्या निरोगी मेंढीच्या फुफ्फुसाच्या दुप्पट-तिप्पट भरलं, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला सांगावं. फुफ्फुसाचा तुकडा पुण्यात औंध इथल्या पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण विभागाकडे तपासणीसाठी जाऊ शकतो. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विकृतिशास्त्राचा विभाग आहे आणि कर्जतहून तिथे लोकलने जाता येतं. मात्र तुकडा बर्फात किंवा डॉक्टर देतील त्या द्रावणात ठेवूनच न्यावा लागतो. कोकणच्या उन्हात तो काही तासांत तपासण्याजोगा राहत नाही.